थांबा चुकलेल्या पेशी

प्रौढ मानवी शरीरात दररोज सुमारे ३३ हजार कोटी पेशी मरतात आणि जवळपास तेवढ्याच नव्याने तयार होतात, असा अलीकडचा अंदाज आहे. यात सर्वांत मोठा वाटा रक्तपेशींचा असून त्याखालोखाल आतड्याच्या अस्तरातील पेशींचा क्रमांक लागतो. अस्थिमज्जेतील आणि आतड्यातील पेशी अनेक गाठींमधील पेशींपेक्षा अधिक वेगाने विभागतात, तरीही एरवी तेथे गाठ होत नाही. उलट स्तनातील किंवा पुरःस्थ ग्रंथीतील कित्येक कर्कपेशी अगदी संथपणे विभागत असूनही वर्षानुवर्षे वाढत राहतात आणि अखेर जीवघेण्या ठरतात. कर्करोग म्हणजे पेशींची बेफाम वेगाने होणारी वाढ, ही सर्वसाधारण समजूत त्यामुळे अपुरी पडते. निरोगी पेशी वेळ येताच विभाजन थांबवू शकते आणि कर्कपेशीची हीच क्षमता हरपलेली असते, हा फरक वेगाच्या फरकापेक्षा अधिक मूलभूत आहे. हे थांबवण्याचे काम कोणती जनुके करतात आणि ती बिघडतात कशी, हे गेल्या अर्ध्या शतकातील संशोधनाने बऱ्याच बारकाईने उलगडले आहे.

एका पेशीच्या दोन पेशी होण्यासाठी जी ठरावीक क्रमाची कामे पार पडावी लागतात, त्या साखळीला पेशीचक्र म्हणतात. प्रयोगशाळेत वाढवलेल्या मानवी पेशीला एक चक्र पूर्ण करण्यास साधारण २४ तास लागतात. जी-१ या पहिल्या टप्प्यात पेशी आकाराने वाढते आणि विभाजन करावे की नाही याचा निर्णय घेते. एस टप्प्यात ती आपल्या संपूर्ण डीएनएची, म्हणजे सुमारे ६०० कोटी रासायनिक अक्षरांची, नक्कल तयार करते. जी-२ टप्प्यात झालेल्या कामाची पडताळणी होते. आणि एम या शेवटच्या, जेमतेम तासाभराच्या टप्प्यात ४६ गुणसूत्रांच्या जोडप्रती दोन बाजूंना खेचल्या जाऊन पेशी दुभंगते. शरीरातील बहुसंख्य पेशी मात्र कोणत्याही क्षणी या चक्राच्या बाहेर, जी-० नावाच्या विश्रामावस्थेत असतात. चेतापेशी एकदा त्या अवस्थेत गेल्या की सहसा परतत नाहीत. यकृताच्या पेशी इजा झाल्यास पुन्हा चक्रात शिरतात.

या टप्प्यांना पुढे ढकलणारे काहीतरी पेशीच्या आतच असते, याचा सुंदर पुरावा १९७० मध्ये पोटू नरसिंह राव हे भारतीय वंशाचे शास्त्रज्ञ आणि त्यांचे सहकारी रॉबर्ट जॉन्सन यांनी दिला. चक्राच्या वेगवेगळ्या टप्प्यांतील दोन मानवी पेशी त्यांनी एकमेकींत विलीन केल्या, म्हणजे एकाच पेशीद्रवात दोन केंद्रके राहतील अशी व्यवस्था केली. जी-१ मधील केंद्रक एस टप्प्यातील केंद्रकाशेजारी आले, की ते आपली वेळ होण्याआधीच डीएनएची नक्कल करू लागे; जी-२ मधील केंद्रक मात्र नक्कल पुन्हा सुरू करत नसे, ते शेजाऱ्याचे काम पुरे होईपर्यंत थांबून राही. पुढे जाण्याचा संकेत आणि थांबून राहण्याची शिस्त या दोन्ही गोष्टी या एका प्रयोगात दिसल्या. त्यासाठी वापरलेल्या पेशी हेला या नावाने ओळखल्या जाणाऱ्या होत्या, आणि त्यांचा उल्लेख पुढे पुन्हा करावा लागणार आहे.

त्या संकेताचे रेणू सापडले ते अगदी साध्या जीवांत. अमेरिकेत लेलँड हार्टवेल यांनी पाव फुगवणाऱ्या यीस्टचे असे वाण निवडले, जे कमी तापमानाला नीट वाढत आणि तापमान वाढवताच चक्राच्या एका ठरावीक टप्प्यावर अडकून पडत; या मार्गाने त्यांनी पेशीचक्राशी संबंधित शंभराहून अधिक जनुके शोधली. ब्रिटनमध्ये पॉल नर्स यांना दुसऱ्या एका यीस्टमध्ये सीडीसी-२ या जनुकाचे महत्त्व कळले आणि १९८७ मध्ये त्यांच्या गटाने मानवी पेशीतील तशाच कामाचे जनुक वेगळे केले. यीस्टचे स्वतःचे जनुक निकामी असताना हे मानवी जनुक आत घातले, तर यीस्ट पुन्हा सुरळीत विभागू लागले. कोट्यवधी वर्षांपूर्वी वाटा वेगळ्या झालेल्या दोन जीवांत हा कारभार इतका सारखा राहिला होता. या जनुकांपासून तयार होणारी विकरे, म्हणजे रासायनिक क्रिया घडवणारी प्रथिने, सीडीके या नावाने ओळखली जातात. ती दुसऱ्या प्रथिनांना फॉस्फेटचे गट जोडून त्यांचे काम चालू किंवा बंद करतात, पण एकटी असताना ती निष्क्रिय असतात. त्यांना जागे करणारे साथीदार टिम हंट यांना १९८२ मध्ये सी-अर्चिन या काटेरी समुद्रजीवाच्या फलित अंड्यांत सापडले. किरणोत्सारी अमिनो आम्ल पुरवून दर काही मिनिटांनी नमुने तपासताना त्यांना दिसले, की बाकीची प्रथिने साठत जातात, पण एक प्रथिन मात्र अंडे दुभंगण्याच्या जरा आधी एकाएकी नाहीसे होते आणि नंतर पुन्हा तयार होऊ लागते. या प्रथिनांना सायक्लिन म्हणतात. सायक्लिनची पातळी चढते तेव्हा सीडीके जागे होते आणि सायक्लिन नष्ट झाले की ते पुन्हा निजते, असा हा हिशेब आहे. या तिघांना २००१ चे वैद्यकशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले.

कर्करोगाच्या दृष्टीने मात्र हार्टवेल यांचे नंतरचे काम अधिक महत्त्वाचे मानले पाहिजे. त्यांनी आणि टेड वाइनर्ट यांनी यीस्टवर क्षकिरणांचा मारा केला असता निरोगी पेशी जी-२ टप्प्यात थांबल्या, डीएनएची दुरुस्ती झाल्यावर पुढे सरकल्या आणि बहुतांश जगल्या. ज्या वाणात आरएडी-९ हे जनुक निकामी होते, त्या पेशी न थांबता तुटक्या गुणसूत्रांसह विभागत गेल्या आणि मेल्या. येथवरच्या निरीक्षणातून एवढेच म्हणता आले असते, की हे जनुक दुरुस्तीचे काम करत असावे. म्हणून संशोधकांनी एक पुढची युक्ती केली. त्याच सदोष पेशींना एका औषधाने काही तास कृत्रिमरीत्या रोखून धरले, आणि तेवढ्याने त्या पुष्कळ प्रमाणात वाचल्या. दुरुस्तीची हत्यारे त्यांच्याकडे आधीपासून होतीच. नव्हती ती हत्यारे वापरण्याइतकी उसंत. चक्रातील अशा थांब्यांना तपासणी-नाके म्हटले जाऊ लागले, आणि पेशीच्या आरोग्यासाठी थांबणे ही निष्क्रियता नसून जनुकांनी चालवलेले एक स्वतंत्र काम आहे, हे १९८८-८९ मधील या लेखनाने पक्के केले.

मानवी शरीरातील असे पहिले जनुक हाती लागले ते एका दुर्मिळ बालरोगातून. रेटिनोब्लास्टोमा हा डोळ्याच्या दृष्टिपटलाचा कर्करोग सहसा पाच वर्षांखालील मुलांना होतो. बाळाच्या बाहुलीत दिसणारी पांढरट चमक, जी पुष्कळदा फ्लॅशने काढलेल्या छायाचित्रात पालकांच्या प्रथम लक्षात येते, हे त्याचे नेहमीचे लक्षण असते. काही मुलांत तो दोन्ही डोळ्यांत आणि लवकर होतो, कुटुंबातही त्याचा इतिहास असू शकतो. इतरांत तो एकाच डोळ्यात आणि जरा उशिरा होतो. आल्फ्रेड नडसन यांनी ह्यूस्टनमधील अशा ४८ रुग्णांच्या नोंदी घेऊन, निदानाच्या वेळचे वय आणि त्या वयापर्यंत निदान न झालेल्या रुग्णांचे प्रमाण एवढ्याच आकड्यांवरून १९७१ मध्ये असा निष्कर्ष काढला, की या रोगासाठी दोन स्वतंत्र आघात लागतात. आनुवंशिक प्रकारात पहिला आघात जन्मतःच प्रत्येक पेशीत झालेला असतो, त्यामुळे दृष्टिपटलाच्या वाढत्या लक्षावधी पेशींपैकी एखादीत दुसरा होणे जवळजवळ अटळ ठरते. तुरळक प्रकारात दोन्ही आघात एकाच पेशीत योगायोगाने व्हावे लागतात आणि म्हणून त्याला वेळ लागतो. डीएनएचा एक तुकडाही न पाहता काढलेला हा निष्कर्ष जीवशास्त्रातील सांख्यिकी विचाराचा एक उत्कृष्ट नमुना आहे. १९८६ मध्ये तेराव्या गुणसूत्रावरील आरबी हे जनुक वेगळे करण्यात आले आणि दोन आघात म्हणजे या जनुकाच्या आईकडून व वडिलांकडून आलेल्या दोन्ही प्रती निकामी होणे, हे सिद्ध झाले. प्रत शाबूत असताना गाठीला आळा घालणाऱ्या अशा जनुकांना अर्बुदरोधक जनुके म्हणतात.

आरबी प्रथिनाचे काम जी-१ टप्प्याच्या शेवटी असते. डीएनएची नक्कल करण्यासाठी लागणारी जनुके चालू करणाऱ्या ई-२-एफ या प्रथिनाला ते धरून ठेवते. बाहेरून वाढीचा संदेश आला की पेशीत सायक्लिन-डी तयार होते, त्याच्या साथीने सीडीके-४ आणि सीडीके-६ ही विकरे आरबीवर फॉस्फेट चढवू लागतात, आरबीची पकड सुटते आणि ई-२-एफ मोकळे होते. या बिंदूपुढे गेलेल्या पेशीला बाहेरच्या संदेशाची गरज उरत नाही; ती विभाजन पूर्ण करते. पी-१६ नावाचे आणखी एक प्रथिन सीडीके-४ आणि ६ यांना अडवून आरबीची पकड टिकवण्यास मदत करते. ही साखळी कर्करोगात कुठेही तुटू शकते. स्तनाच्या अनेक कर्करोगांत सायक्लिन-डी प्रमाणाबाहेर असते, त्वचेच्या मेलॅनोमा या कर्करोगाच्या काही आनुवंशिक प्रकारांत पी-१६ चे जनुक बिघडलेले असते, तर फुप्फुसाच्या लहान-पेशी कर्करोगात जवळजवळ नेहमीच आरबी नाहीसे झालेले असते. एकाच गाठीत मात्र या साखळीच्या दोन कड्या तुटलेल्या सहसा आढळत नाहीत. एक कडी तुटली की पहारा उठलाच, दुसरी तुटल्याने पेशीला नवा लाभ काही होत नाही.

पी-५३ या दुसऱ्या महत्त्वाच्या अर्बुदरोधकाची ओळख पटायला दहा वर्षे लागली, आणि तीही उलट्या बाजूने. १९७९ मध्ये ते गाठ निर्माण करणाऱ्या एका विषाणूच्या प्रथिनाला चिकटलेले सापडले, कर्कपेशींत ते मुबलक दिसे, आणि त्याचे जनुक प्रयोगशाळेतील पेशींत घातले तर त्या कर्कपेशींसारख्या वागू लागत. म्हणून ते कर्करोग घडवणारे जनुक असल्याचे मानले गेले. प्रत्यक्षात संशोधकांच्या हाती आलेल्या सुरुवातीच्या प्रती बहुतेक उत्परिवर्तित, म्हणजे अक्षरे बदललेल्या, होत्या. १९८९ मध्ये जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातील बर्ट व्होगेलस्टाइन यांच्या गटाला मोठ्या आतड्याच्या गाठींत या जनुकाची एक प्रत हरवलेली आणि उरलेली बिघडलेली आढळली, आणि मत पालटले. निरोगी पेशीत हे प्रथिन तयार होताच नष्ट केले जाते, त्यामुळे ते अत्यल्प असते. डीएनएला इजा झाली की त्याचा नाश थांबतो, ते साठते आणि पी-२१ या प्रथिनाचे जनुक चालू करते. पी-२१ सीडीकेंना जखडून चक्र रोखते. इजा दुरुस्तीपलीकडची असेल, तर तेच पी-५३ पेशीला नियोजित मृत्यूकडे नेते. त्याचे चार रेणू एकत्र येऊन काम करत असल्यामुळे एक बिघडलेली प्रत निरोगी प्रतीचेही काम नासवू शकते, आणि सुरुवातीचा घोटाळा समजायला हाच धागा उपयोगी पडला. माणसाच्या जवळपास निम्म्या कर्करोगांत या एका जनुकात बिघाड आढळतो. ज्यांच्यात तो जन्मतःच असतो, अशा ली-फ्रॉमेनी कुटुंबांत तरुण वयात स्तन, हाडे, मेंदू अशा वेगवेगळ्या अवयवांचे कर्करोग होतात. हत्तीला मात्र या जनुकाच्या वीस जोड्या लाभलेल्या आहेत, असे २०१५ मध्ये दिसून आले. एवढ्या अवाढव्य आणि दीर्घायुषी प्राण्यात कर्करोग तुलनेने कमी का, या जुन्या कोड्याचे ते निदान एक उत्तर असावे.

आरबी आणि पी-५३ या दोघांचे महत्त्व एकाच वेळी कळते ते गर्भाशयमुखाच्या कर्करोगात. या रोगास कारणीभूत असणारा ह्युमन पॅपिलोमा विषाणू, म्हणजे एचपीव्ही, इतका तुटपुंजा आहे की त्याच्या सुमारे आठ हजार अक्षरांच्या डीएनएत स्वतःची नक्कल करण्याची संपूर्ण सामग्री नसते. त्यासाठी त्याला यजमान पेशीची एस टप्प्यातील यंत्रणा वापरावी लागते. अडचण अशी, की आवरणाच्या वरच्या थरांतील ज्या पेशींत त्याला वाढायचे असते, त्या पेशींनी विभाजन केव्हाच थांबवलेले असते. म्हणून त्याचे ई-७ हे प्रथिन आरबीला पकडून नष्ट करवते आणि पेशीला पुन्हा नकलेच्या कामाला जुंपते. अशी अवेळी सुरू झालेली नक्कल पी-५३ च्या नजरेतून सुटली नसती, तेव्हा ई-६ हे दुसरे प्रथिन पी-५३ चा नाश घडवते. यात विषाणूचा हेतू कर्करोगाचा नाही. त्याला त्यातून काही मिळत नाही. बहुतेक स्त्रियांच्या शरीरातून हा संसर्ग आपोआप निघूनही जातो. पण उच्च-जोखमीच्या प्रकारांचा संसर्ग वर्षानुवर्षे टिकला आणि विषाणूचा डीएनए पेशीच्या गुणसूत्रात घुसून बसला, तर ई-६ आणि ई-७ अनिर्बंध तयार होतात, आणि थांबे हरवलेल्या पेशींत इतर बिघाड साचत जातात. जर्मन विषाणुतज्ज्ञ हाराल्ड त्सूर हाउझेन यांच्या गटाने १९८३-८४ मध्ये या रोगातील एचपीव्ही-१६ आणि १८ हे प्रकार ओळखले, आणि त्यांना २००८ मध्ये नोबेल मिळाले.

राव आणि जॉन्सन यांनी वापरलेल्या हेला पेशी याच रोगाच्या होत्या. हेन्रिएटा लॅक्स या ३० वर्षांच्या कृष्णवर्णीय अमेरिकन स्त्रीच्या गाठीतून त्या १९५१ मध्ये, तिची संमती न घेता, घेतल्या गेल्या. तिचे त्याच वर्षी निधन झाले आणि तिच्या पेशी जगभरच्या प्रयोगशाळांत अखंड विभागत राहिल्या. त्यांत एचपीव्ही-१८ आहे. त्यांची आरबी आणि पी-५३ ही जनुके मात्र शाबूत आहेत. फक्त त्यांची प्रथिने विषाणू टिकू देत नाही. इ. स. २००० मध्ये येल विद्यापीठातील संशोधकांनी या पेशींत ई-६ आणि ई-७ यांची निर्मिती बंद पाडली, तेव्हा पी-५३ साठू लागले, आरबी पुन्हा कामाला लागले आणि अर्धशतक न थांबलेल्या त्या पेशींचे विभाजन थांबले.

महाराष्ट्राशी या विषयाचा संबंध येथे सरळ येतो. तेव्हाच्या उस्मानाबाद, म्हणजे आताच्या धाराशिव जिल्ह्यात, बार्शीचे नर्गिस दत्त स्मृती कर्करोग रुग्णालय, मुंबईचे टाटा स्मारक केंद्र आणि आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्था यांनी १९९९ पासून ३० ते ५९ वयोगटातील १ लाख ३१ हजार ७४६ स्त्रियांचा अभ्यास केला. गर्भाशयमुखाच्या नमुन्यात विषाणूचा डीएनए शोधणारी चाचणी आयुष्यात केवळ एकदा केलेल्या गटात आठ वर्षांत या कर्करोगाने ३४ मृत्यू झाले, तर नेहमीच्याच सेवा मिळालेल्या गटात ६४. दुसऱ्या गटाला तपासणी न देण्यावर पुढे नैतिक आक्षेप घेतले गेले आणि ते गैरलागू म्हणता येत नाहीत. तरी कमी साधनांच्या देशांत एचपीव्ही चाचणीला स्थान मिळण्यात २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासाचा वाटा मोठा आहे. पुण्याच्या सिरम इन्स्टिट्यूटने बनवलेल्या सर्वावॅक या एचपीव्ही लशीला भारताच्या औषध महानियंत्रकांनी २०२२ मध्ये मान्यता दिली. लस संसर्गच रोखते, त्यामुळे ई-६ आणि ई-७ यांना आरबी आणि पी-५३ पर्यंत पोचण्याची संधी मिळत नाही. आधीच झालेला संसर्ग मात्र ती घालवू शकत नाही.

गालाच्या आत तंबाखू-चुन्याची गोळी धरून ठेवण्याच्या सवयीमुळे भारतात आढळणाऱ्या हिरडी आणि गालाच्या कर्करोगात पी-५३ निकामी करण्याचे काम विषाणूऐवजी रसायने करतात. खारघरच्या अॅक्ट्रेक संस्थेसह भारतीय गटाने २०१३ मध्ये या गाठींच्या जनुकांचा जो आराखडा प्रसिद्ध केला, त्यात वारंवार बिघडलेल्या जनुकांमध्ये पी-५३ चे जनुक ठळकपणे होते. विषाणू प्रथिन नष्ट करतो तेव्हा जनुक शाबूत राहते, पण तंबाखूतील रसायने जनुकाचीच अक्षरे बदलतात आणि तो बदल परतवता येत नाही.

चक्रातील शेवटचा नाका एम टप्प्यात असतो. प्रत्येक गुणसूत्र त्याला दोन्ही बाजूंना खेचणाऱ्या तंतूंना नीट जोडले जाईपर्यंत एमएडी आणि बीयूबी या जनुकांची प्रथिने विभाजन रोखून धरतात. गुणसूत्रांची चुकीची वाटणी कर्करोगाच्या मुळाशी असावी, हा विचार थिओडोर बोव्हेरी यांनी १९१४ मध्येच मांडला होता. आपल्या अंगणातल्या सदाफुलीपासून मिळणारे व्हिंक्रिस्टिन हे औषध याच नाक्याचा उपयोग करते; ते तंतू तयारच होऊ देत नाही, म्हणून नाका उघडत नाही आणि अडकून पडलेली पेशी बहुधा मरते.

आरबीच्या साखळीवर नेमके काम करणारी औषधे यायला २०१५ साल उजाडले. सीडीके-४ आणि ६ यांना अडवणाऱ्या, म्हणजे पी-१६ चेच काम करणाऱ्या पालबोसिक्लिब या गोळीला त्या वर्षी अमेरिकेत मान्यता मिळाली, आणि त्यानंतर रायबोसिक्लिब व अबेमासिक्लिब आल्या. संप्रेरकांवर वाढणाऱ्या स्तनाच्या कर्करोगात इस्ट्रोजेन हेच सायक्लिन-डी वाढवत असल्यामुळे ही औषधे तेथे विशेष उपयोगी ठरली. पसरलेल्या अशा कर्करोगात लेट्रोझोल या औषधासोबत पालबोसिक्लिब दिल्यावर रोग पुन्हा वाढू लागेपर्यंतचा मध्यम काळ १४.५ महिन्यांवरून २४.८ महिन्यांवर गेला. ही गोळी तीन आठवडे घेऊन चौथा आठवडा मोकळा ठेवतात, कारण तिच्यामुळे अस्थिमज्जेतील पेशीही थांबतात आणि रक्तातील पांढऱ्या पेशी घटतात. नेहमीच्या केमोथेरपीत या मज्जापेशी मरतात, येथे त्या बहुतांशी केवळ थांबलेल्या असतात आणि आठवडाभरात पुन्हा चक्राला लागतात.

ज्या गाठीत आरबीच उरलेले नाही, तेथे मात्र या औषधांचा उपयोग होत नाही, कारण ती ज्या पहारेकऱ्याला बळ देतात तोच जागेवर नसतो. आधी उपयोग झालेल्या काही रुग्णांतही पुढे गाठीतील पेशी आरबी गमावून किंवा सायक्लिन-ई आणि सीडीके-२ यांच्या आडवाटेने औषधाला दाद देईनाशा होतात. या मर्यादेचाच फायदा घेणारे, याच प्रकारचे ट्रायलासिक्लिब हे औषध २०२१ मध्ये अमेरिकेत मान्य झाले. ते फुप्फुसाच्या पसरलेल्या लहान-पेशी कर्करोगात केमोथेरपीच्या जरा आधी शिरेतून दिले जाते. गाठीत आरबी नसल्याने ती थांबत नाही आणि केमोथेरपीच्या माऱ्यात सापडते. अस्थिमज्जेतील पेशींचे आरबी शाबूत असल्याने त्या तेवढ्यापुरत्या थांबतात आणि त्या माऱ्यातून बऱ्याच अंशी वाचतात.